टुंड्रात पाऊस वाळवंटाएवढा, मग एवढं पाणी कुठून? आणि कार्बनचं नक्की काय होतं?

अनवट

मुलीचा भूगोलाचा प्रकल्प आहे. विषय आर्क्टिक टुंड्रातलं जलचक्र, कार्बनचक्र आणि माणसाचा हस्तक्षेप. उदाहरण म्हणून अलास्काचा नॉर्थ स्लोप (उत्तर किनाऱ्याकडचा प्रदेश) घेतलाय. तिच्याआधी मीच वाचायला बसले आणि दोन जागी अडकले.

एक म्हणजे, उत्कियाग्विकला (पूर्वीचं बॅरो) पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १०-१५ सेंटिमीटर पाणी पडतं. हे माप वाळवंटाचं झालं. पण उन्हाळ्यात विमानातून काढलेला कुठलाही फोटो बघा, जमीन कमी आणि तळी जास्त. हे पाणी येतं कुठून?

दुसरं, ऊब वाढली की तिथे झाडोरा वाढतो म्हणे. विलो, बुटका बर्च वगैरे. झाडोरा वाढला तर कार्बन शोषला जायला हवा. मग टुंड्रा कार्बन सोडतोय ही ओरड कशासाठी? या दोन्ही गोष्टी एकाच पानावर शेजारी शेजारी छापल्या आहेत आणि लेखकाला त्यात काही खटकलेलं दिसत नाही. मुलगी म्हणते, दोन्ही लिहून टाकते, मार्क मिळतील. मला ते पचत नाहीये.

शिवाय हस्तक्षेप म्हटलं की जिथे तिथे खांबांवर उभ्या असलेल्या त्या ट्रान्स-अलास्का तेलवाहिनीचाच फोटो. तेवढंच आहे का?

मुक्तछंद

सोपं आहे हो ताई. थंडीत बाष्पीभवन होत नाही, म्हणून पाणी साचतं. आणि कार्बन डायऑक्साइड म्हणजे झाडांचं अन्न. झाडं वाढली तर चांगलंच की. उगाच घाबरवायचे धंदे आहेत. चालू द्या.

सळईवाला

बाष्पीभवन कमी हे अर्धं उत्तर झालं. उरलेलं अर्धं पायाखाली आहे.

मी दोन उन्हाळे ब्रूक्स पर्वतरांगेच्या उत्तरेला, म्हणजे नॉर्थ स्लोपवरच, मोजमापाच्या कामावर होतो (आयडी त्यावरूनच घेतलाय). हातात सेंटिमीटरच्या खुणा केलेली पोलादी सळई. आखलेल्या चौकटीत ११ ओळी, प्रत्येक ओळीत ११ बिंदू. १२१ ठिकाणी सळई जमिनीत खुपसायची आणि किती खोल गेली ते ओरडून सांगायचं, दुसऱ्याने वहीत लिहायचं. सळई आधी मॉसमधून (शेवाळातून) सुळकन जाते, मग पीटमध्ये (अर्धवट कुजलेल्या झाडोऱ्याच्या थरात) जरा दाबावी लागते आणि मग टक्क. त्या टक्कनंतर तुम्ही अख्खं वजन टाकलंत तरी ती हलत नाही. खाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेली जमीन, लागलेला असतो. दगड लागला तर आवाज वेगळा येतो, तो ओळखायला मला आठवडा लागला.

ऑगस्टच्या शेवटी, म्हणजे जमीन वर्षातली सर्वांत जास्त वितळलेली असताना, आमच्या चौकटीत हा आकडा बहुतेक ठिकाणी चाळीस-पन्नास सेंटिमीटर यायचा. याला सक्रिय थर म्हणतात. उन्हाळ्यात वितळणारा, हिवाळ्यात पुन्हा गोठणारा. त्याखाली जमीन शेकडो मीटर खोल गोठलेली आहे. पाणी त्यातून झिरपत नाही. म्हणजे वर्षभरात जे काही पाणी पडतं त्याला वावरायला एवढीच जागा, गुडघाभरसुद्धा नाही. त्यात प्रदेश सपाट, आणि सात-आठ महिने साठलेलं बर्फ मे अखेर ते जूनमध्ये दोनेक आठवड्यांत वितळतं. तेव्हा सक्रिय थरही अजून गोठलेलाच असतो. नद्या वर्षाच्या पाण्याचा मोठा वाटा त्या थोड्या दिवसांत वाहून नेतात आणि बाकीचं पाणी जागच्या जागी बसून राहतं. म्हणून आकाशातून पडणारं पाणी वाळवंटाएवढं आणि जमीन दलदलीची.

आता कार्बन. मॉस आणि गवत दर उन्हाळ्यात वाढतं, मरतं, पण थंड आणि पाण्याने तुडुंब मातीत ते धड कुजत नाही. त्याचे थर बसत जातात आणि खालचे थर हळूहळू पर्माफ्रॉस्टमध्ये जाऊन गोठतात. हजारो वर्षं हेच चाललंय. उत्तरेकडच्या पर्माफ्रॉस्ट प्रदेशांच्या मातीत मिळून सुमारे १,५०० अब्ज टन कार्बन आहे. सगळ्या वातावरणात आहे त्याच्या दुपटीच्या जवळपास. मुक्तछंद, म्हणून नुसतं झाड वाढलं की नाही एवढं बघून भागत नाही. टुंड्राचा कार्बन झाडात नाहीच, मातीत आहे. विलोचं झुडूप कमरेएवढं झालं तरी त्यात मावणारा कार्बन त्याच्याखालच्या मातीपुढे चिल्लर आहे.

मुक्तछंद

ठीक, माती तर माती. पण झुडपं सावली करतात ना? सावलीत माती थंड राहील. मग वितळणार कशी?

सळईवाला

चांगला मुद्दा काढलात, आणि उन्हाळ्यापुरता खराही आहे. पानांखाली सळई मलाही दोन-तीन सेंटिमीटर कमी जाताना दिसायची.

पण तिथला हिवाळा उन्हाळ्याच्या दुप्पट लांब आहे. झुडूप असेल तिथे वाऱ्याने उडणारं बर्फ अडतं आणि थर जाड होतो. बर्फ म्हणजे गोधडी. हवा उणे तीस असली तरी त्या गोधडीखाली माती तितकी गार होत नाही. शिवाय वसंतात झुडपाच्या काळ्या फांद्या बर्फाच्या वर डोकं काढतात आणि ऊन शोषतात. ताजं बर्फ आलेल्या उन्हातलं ८० टक्क्यांहून जास्त परत पाठवतं, बर्फ गेलेली टुंड्रा जेमतेम १५-२० टक्के.

अजून एक गोष्ट. सप्टेंबरमध्ये हवा शून्याखाली गेली की माती लगेच गोठते असं मलाही वाटायचं. तसं होत नाही. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, त्यामुळे वरून आणि खालून गोठत येणाऱ्या मातीचा मधला भाग कित्येक आठवडे शून्यावरच अडकून बसतो. वरून बघाल तर सगळं पांढरं, आत मात्र जिवाणूंचं काम सुरू. अलास्काच्या टुंड्रात वर्षभरात निघणाऱ्या मिथेनचा (हाही कार्बनचाच वायू) निम्मा किंवा त्याहून जास्त वाटा सप्टेंबर ते मे या काळात निघतो असं मोजमापांत दिसलंय. बरीच वर्षं लोक (आमच्यासारखे) फक्त उन्हाळ्यात जाऊन मोजून यायचे, म्हणून हिशोबात टुंड्रा गुणी बाळ वाटत होती.

तर झाडोरा वाढतो हेही खरं आणि कार्बन सुटतो हेही खरं. दोन्हींची वजाबाकी करायची असते. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या २०२४ च्या आर्क्टिक अहवालात ती केलेली आहे. वणवे धरले तर टुंड्रा प्रदेश आता कार्बन साठवणारा राहिला नसून सोडणारा झालाय.

अनवट

वणवे? दलदलीत?

सळईवाला

मलाही विचित्रच वाटलं होतं. २००७ च्या जुलैत अनाक्टुवुक नदीजवळ वीज पडली. तो उन्हाळा कोरडा होता, आणि मॉस वरून सुकलं की कापसासारखं पेटतं. आग ऑक्टोबरात बर्फ पडेपर्यंत धुमसत राहिली. १,०३९ चौरस किलोमीटर जळालं आणि सुमारे २१ लाख टन कार्बन हवेत गेला. गेला तो बहुतेक मॉस आणि वरच्या पीटमधला होता.

पण खरं नुकसान नंतर सुरू होतं. मॉस म्हणजे पर्माफ्रॉस्टचं झाकण. ते गेलं, खालची माती काळी उघडी पडली, ऊन थेट आत. पुढची काही वर्षं तिथली जमीन आणखी खोल वितळत गेली आणि जागोजाग खचली.

जोडारी

तेलवाहिनीबद्दल मी सांगतो, हा माझा प्रांत. आर्क्टिकला गेलेलो नाही, पण पाइपलाइनच्या कामात आयुष्य गेलंय आणि हे काम मी नकाशे मांडून अभ्यासलंय.

नॉर्थ स्लोपच्या किनाऱ्यावर प्रुडो बेला तेल सापडलं १९६८ साली, वाहिनी सुरू झाली १९७७ ला. लांबी साधारण १,२८७ किलोमीटर, व्यास १२२ सेंटिमीटर. तेल खालून गरमच येतं. असा पाइप बर्फ भरलेल्या जमिनीत पुरला तर भोवतालची जमीन चिखल होणार आणि पाइप खचून तुटणार. म्हणून निम्म्याहून जास्त लांबी खांबांवर उचललीय, एकूण ७८,००० आधार. आता गंमत अशी की खांबातूनही उष्णता खाली उतरते. त्यावर उपाय म्हणजे खांबात बसवलेल्या बंद नळ्या, आत अमोनिया. हिवाळ्यात जमीन हवेपेक्षा उबदार असते. तळाशी अमोनिया उकळतो, वाफ वर जाते, माथ्यावरच्या पात्यांमध्ये थंड होऊन पुन्हा थेंब खाली. दर फेरीला जमिनीतली थोडी उष्णता हवेत. पंप नाही, वीज नाही, हलणारा एक भाग नाही. उन्हाळ्यात हवा गरम असली की ते आपोआप थांबतं, उलटं चालत नाही. अशा सव्वा लाखाच्या आसपास नळ्या आहेत. असलं डिझाइन पाहिलं की हात जोडावेसे वाटतात.

पाइप नागमोडी आहे तोही शोभेसाठी नव्हे. तापमानाने लांबी बदलते, भूकंपात जमीन सरकते. २००२ मध्ये डेनाली प्रस्तरभंगावर ७.९ चा भूकंप झाला. तिथे पाइप आडव्या तुळयांवर सरकता ठेवलेला होता. तो सरकला, पण तेल सांडलं नाही.

सळईवाला

जोडारीकाका, शंभर टक्के मान्य. म्हणूनच मला त्या फोटोचा राग येतो. नॉर्थ स्लोपवर माणसाने सर्वांत विचार करून जमिनीला जपत केलेलं काम कुठलं असेल तर ती वाहिनी. आणि हस्तक्षेप म्हणून फोटो तिचाच! तिच्या शेजारचा खडीचा रस्ता कोणी दाखवत नाही.

डाल्टन हायवे १९७४ ला बांधला, ६६६ किलोमीटर. टुंड्रावर रस्ता खोदून करत नाहीत, नद्यांच्या पात्रातली खडी आणून दीड-दोन मीटर जाडीचा बांध घालतात, म्हणजे खालचा बर्फ टिकतो. इथपर्यंत ठीक. पण मी वर म्हटलं तसं तिथलं पाणी खाली झिरपत नाही, त्यामुळे नदीनाल्यांना मिळण्याआधी ते सगळ्या जमिनीवरून पातळ पदरासारखं सरकतं. त्याच्या वाटेत आडवा बांध घातला की चढाकडच्या बाजूला पाणी तुंबतं आणि उताराकडची बाजू सुकते. मोऱ्या आहेत, पण पाणी येतं जूनच्या सुरुवातीला आणि तेव्हा मोरी आत बर्फाने गच्च असते. मग माणसं वाफेच्या नळ्या घेऊन मोऱ्या मोकळ्या करत हिंडतात.

तुंबलेलं पाणी काळं. ते ऊन शोषतं, खालची जमीन वितळते, खचते, खड्डा खोल होतो, त्यात अजून पाणी. एकदा कड नीट न बघता मी अशा चरात उतरलो. वरून घोट्याएवढं दिसत होतं, गेलो कमरेपर्यंत. बुटात पाणी, पायाखाली गुळगुळीत बर्फ आणि भोवती बुडबुडेच बुडबुडे. माझ्या पायाने ढवळून निघालेलं मिथेन ते. बाहेर काढायला दोघं लागले आणि सळई तळाशीच राहिली.

आणि धूळ. मालवाहू ट्रक गेला की मागे करडा ढग उठतो, तो वाऱ्याच्या दिशेने लांबवर बसतो. रस्त्याकडेचं कॉटनग्रासचं पातं बोटांत धरून ओढलं की बोट पांढरं. वसंतात त्या धुळीने बर्फ मळतं आणि रस्त्याच्या कडेचं बर्फ बाकीच्यापेक्षा आठवडा-दोन आठवडे आधी वितळतं. बदकं त्या उघड्या पट्ट्यात आधी येऊन बसतात, दिसायला छान वाटतं. पण धूळ चुनखडीची असते, तिने मातीचा आम्लपणा जातो आणि स्फॅग्नम मॉस मरतं. म्हणजे परत झाकण गेलं. रस्त्यापासून लांब आणि रस्त्याच्या कडेला सळई टोचून बघा, आकडाच सांगतो.

अनवट

म्हणजे एका बाजूला ओलं, दुसऱ्या बाजूला कोरडं. कार्बनच्या दृष्टीने यातलं वाईट कोणतं? ती विचारतेय.

सळईवाला

तिला सांगा, प्रकल्पाचा कणा हाच प्रश्न कर.

माती वितळून कोरडी झाली तर आत हवा जाते, जिवाणू झपाट्याने कुजवतात आणि कार्बन डायऑक्साइड निघतो. वितळून पाण्याखाली राहिली तर हवा नाही, कुजणं हळू, पण मिथेन निघतं. मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा वजनाला साधारण २८ पट तापवतं. म्हणजे कोरड्यात कार्बन जास्त जातो, ओल्यात कमी जातो पण जास्त बोचरा. किती तापमान वाढलं एवढ्यावर उत्तर ठरत नाही, वितळल्यावर पाणी थांबलं की निघून गेलं यावर ठरतं. म्हणून मी जलचक्र आणि कार्बनचक्र असे दोन वेगळे धडे मानत नाही.

आणि एकच जागा दोन्ही रूपं दाखवते. टुंड्राच्या जमिनीवर पाच-सहा कोनांच्या चौकटी दिसतात, दहा ते तीस मीटर रुंद. हिवाळ्यात जमीन आकसून तडकते, वसंतात तड्यात पाणी शिरून गोठतं. असं शेकडो-हजारो वर्षं होत त्या भेगेत बर्फाची पाचर तयार होते, कधी काही मीटर रुंद. भोवतालची माती दोन्हीकडे वर ढकलली जाते, म्हणून चौकट कडेला उंच आणि मध्ये ताटासारखी खोलगट. त्या ताटात पाणी. उबेने पाचरीचा माथा वितळला की तिथे चर खचतो आणि आधी त्यात डबकी साचतात, जागा जास्त ओली दिसते. मग चर एकमेकांना जोडले जातात, नाला तयार होतो, पाणी निघून जातं आणि मधला भाग उंच कोरडा उरतो. पंधरा-वीस वर्षांत एकाच ठिकाणचं उत्तर मिथेनवरून कार्बन डायऑक्साइडवर जाऊ शकतं. एकाच उन्हाळ्यात जाऊन निष्कर्ष काढणारा फसतो, आम्हीही फसलो.

मोजणंही सोपं नाही. मातीवर पारदर्शक डबा उपडा ठेवून आतल्या वायूत होणारा बदल मोजायचा. पहिल्या दिवशी माझे मिथेनचे आकडे इतके चढले की मला शोध लागल्यासारखं वाटलं. आमच्या बाईंनी एकच विचारलं, 'उभा कुठे होतास?' डब्याला खेटून. माझ्या वजनाने मातीतले बुडबुडे दाबून बाहेर काढले होते. अख्ख्या दिवसाची पानं रद्द. फळ्यांच्या पायवाटेवरून का चालायचं हे तेव्हा कळलं.

मुक्तछंद

वाचतोय. घाबरवण्याबद्दलचे शब्द मागे घेतो, पण 'मिथेन बॉम्ब' वगैरे मथळ्यांबद्दल काय म्हणाल?

सळईवाला

त्यांच्याबद्दल तुमचं आधीचं मत कायम ठेवा. एका रात्रीत सगळं फुटणार नाही. तापमानवाढ अशीच जोरात राहिली तर या शतकात पर्माफ्रॉस्टमधला साधारण ५ ते १५ टक्के कार्बन निघेल असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. गळका नळ म्हणा. फक्त तो नळ बंद करायला हात पोचत नाही, कारण मूळ ऊब तिथे तयार होत नाही. १९७९ नंतर आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापलंय, ते काही डाल्टन हायवेच्या धुळीने नाही. रस्ते, खडीचे चौथरे या सगळ्यांनी व्यापलेली जमीन अख्ख्या टुंड्राच्या मानाने ठिपका आहे. त्या रस्त्याशेजारच्या वाहिनीतून जे तेल बाहेर जातं ते जळतं आणि मग परत येतं ते उबेच्या रूपाने.

जोडारीकाका, तेल कंपन्यांनाही याचा फटका बसतोय. हिवाळ्यात टुंड्रावरून अवजड वाहनं न्यायला सरकारी परवानगी लागते, जमीन पुरेशी गोठल्यावरच मिळते. १९७० च्या सुमारास वर्षाला २०० दिवसांहून जास्त मिळायचे, २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ते शंभराच्या आसपास आले. त्यातही तात्पुरते रस्ते बर्फाचेच बांधतात, तळ्यांमधून पाणी उपसून. एका मैलाला ३८ लाख लिटरच्या घरात. जलचक्राच्या आकृतीत हा बाण काढलेला मी अजून पाहिला नाही.

जोडारी

आणि वाहिनीतून तेल कमी झालंय हेही लिहा. १९८८ ला दिवसाला २० लाख पिंपं जायची, आता पाच लाखांच्या आत. तेल संथ चालतं, वाटेत गार होतं, आत मेण धरतं. गरम तेलाने जमीन वितळू नये म्हणून बांधलेल्या वाहिनीत आता तेल गार पडू नये म्हणून ते तापवावं लागतंय.

अनवट

काका, दादा, खूप आभार. मुक्तछंद, तुमचेही, तुम्ही वाद घातला नसता तर हिवाळ्याचं कळलं नसतं. तिने तेलवाहिनीचा फोटो छोटा केलाय आणि अख्ख्या पानावर खडीच्या रस्त्याचा छेद काढलाय. डाव्या हाताला तळं, उजवीकडे कोरडं, खाली निळा पर्माफ्रॉस्ट. विचारतेय की मिथेनचा बाण डावीकडे ना?

सळईवाला

हो, डावीकडे. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड. तळ्याखाली निळी रेघ खाली झुकव, ती सरळ नसते, तिथे जास्त वितळलेलं असतं. उजवीकडची रेघ मात्र जरा वर. मोरी काढली असशील तर आत बर्फ भर आणि बाजूला 'जूनची सुरुवात' लिही. आणि तळ्याच्या तळाशी एक सळई काढलीस तरी चालेल, ती माझी आहे.